हिशेबाची वही : रांगेत पुढे कोण?

पैसे पाठवणे आणि पैसे पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर महापालिकेत राबणारा आपला माणूस पगार झाला की पोस्टात रांग लावून मनीऑर्डर करी आणि इकडे गावात त्याची आई पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसे. पैसे निघालेले असत, पण पोचलेले नसत. पुढे घरोघर बँकेची पासबुके आली, मग फोनवरचे यूपीआय आले, आणि हा मधला काळ इतका आखडला की आजच्या पोरांना तो असतो हेच ठाऊक नाही. नेमक्या याच पोरांच्या हातात आता बिटकॉइन नावाचे प्रकरण आले आहे, आणि त्याच्याबरोबर तो मधला काळ पुन्हा हजर झाला आहे.

आमच्या भाट्ये गावात आणि खाडीपलीकडच्या रत्नागिरी शहरात आम्हाला हल्ली हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. "भाऊ, काल रात्री पाठवले, अजून पेंडिंग दाखवते. पैसे बुडाले का?" विचारणारा कधी बोटीवर नोकरी करणारा तरुण असतो, कधी आखातातून सुट्टीवर आलेला कामगार, तर कधी कॉलेजात जाणारा मुलगा. बिटकॉइन घ्यावे की घेऊ नये, भाव चढेल की पडेल, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय नाही. पाठवलेले पैसे अडकतात का, कोणाचे अडकतात आणि पुढे कोण सरकतो, एवढाच हिशेब आज मांडायचा आहे. तो कळला तर घरातले चार पैसे वाचतील, म्हणून घरातल्या सर्वांनी वाचावा.

वही कोणाच्या हातात?

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोटो या नावाने कोणीतरी एक टिपण प्रसिद्ध केले. हे टोपणनाव कोणाचे, हे जगाला आजवर कळलेले नाही. त्या टिपणात सांगितलेली वही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. वहीच म्हणायचे, कारण बिटकॉइन म्हणजे खिशात घालायचे नाणे नव्हे. कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात किती गेले याची ती एक उघडी नोंदवही आहे. तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर आहे आणि ती कोणीही वाचू शकतो. ती ना रिझर्व्ह बँकेची आहे, ना कोणत्या सरकारची.

या वहीला साधारण दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. त्या पानाला ब्लॉक म्हणतात. पान लिहिण्याचा मान मिळवण्यासाठी जगभर मोठमोठ्या यंत्रांची शर्यत चालू असते. एक अवघड आकडा ज्याच्या यंत्राला आधी सापडेल, तो पुढचे पान लिहितो. या शर्यतवाल्यांना मायनर म्हणतात. नाव खाणकामगाराचे असले तरी यांच्या हाती कुदळ-फावडे नसते. विजेचे भले मोठे बिल भरणारे हे कारखानदार आहेत.

कारखानदार फुकट काम करत नाही. पान लिहिणाऱ्याला दोन वाटांनी पैसे मिळतात. एक म्हणजे नवीन नाणी. सुरुवातीला दर पानाला ५० बिटकॉइन मिळत. हा आकडा साधारण चार वर्षांनी निम्मा होतो. २०१२ साली २५, २०१६ साली साडेबारा, २०२० साली सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. दुसरी वाट म्हणजे त्या पानावर ज्यांच्या नोंदी घेतल्या त्यांनी दिलेली फी. पहिली वाट आटत चालली की मायनरची नजर दुसरीकडे जाणार, हे उघड आहे.

आता मुख्य अडचण. पानाची जागा ठरलेली आहे. पूर्वी ती एक मेगाबाइट होती. ऑगस्ट २०१७ मध्ये मोजण्याची पद्धत बदलली, तेव्हापासून एका पानावर दहा लाख एकक जागा आहे असे आपण सोपे करून म्हणू. साध्यातला साधा व्यवहार यातली १४० एकके खातो. मोठे व्यवहार त्याहून पुष्कळ जास्त खातात. म्हणजे एका पानावर काही हजार नोंदी मावतात. बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. या थांबण्याच्या जागेला मेमपूल म्हणतात. 'पेंडिंग' दिसणारा व्यवहार याच जागेत उभा असतो.

जुन्या तारेचा हिशेब

जुलै २०१३ मध्ये बंद झालेली तार वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. तारेचे पैसे शब्दांवर पडत. बातमी मोठी की लहान, आनंदाची की दुःखाची, याच्याशी तारमास्तरला कर्तव्य नव्हते. शब्द किती, एवढेच तो मोजी. म्हणून तर लोक पाच-सहा शब्दांत मजकूर बसवत. आणि साध्या तारेपेक्षा एक्स्प्रेस तारेला जादा दर पडे, पण ती आधी जाई.

बिटकॉइनची फी याच जातीची आहे. किती रुपयांचे नाणे पाठवता यावर ती ठरत नाही. नोंद वहीत किती जागा खाते आणि त्या जागेला तुम्ही काय दर देता, यावर ठरते. जागा गुणिले दर, एवढेच गणित. दर 'सातोशी'मध्ये सांगतात. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात.

तारेत आणि यात एक मोठा फरक मात्र आहे. तारेचा दर सरकारने ठरवलेला, सर्वांना सारखा. इथे दरपत्रकच नाही. आज गर्दी नसेल तर एका एककाला एक सातोशी देऊनही काम होते. उद्या गर्दी उसळली तर तीनशे देऊनही थांबावे लागते. पाठवणारा आपला दर स्वतः लिहितो आणि मायनर त्यातून निवडतो. म्हणजे जिला आपण रांग समजतो, तो लिलाव आहे.

रांग नव्हे, लिलाव

आम्ही कारकून माणसे. आमचा जन्म आवक-जावक नोंदवहीत गेला. अर्ज आला की त्यावर तारीख पडते, क्रमांक पडतो, आणि आधी आलेल्याचा आधी विचार व्हावा असा नियम असतो. नियम पाळला जात नाही तिथे 'फाइलवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही' असे लोक म्हणतात. पण निदान नियम तरी आहे. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, आणि मुदत टळली तर अपील आहे.

मेमपूलमध्ये आधी आला म्हणून कोणाचा हक्क लागत नाही. सकाळी आलेला माणूस संध्याकाळपर्यंत उभा राहील आणि संध्याकाळी आलेला जादा दर देऊन पहिल्या पानावर जाईल. मायनर सर्व अर्ज दराप्रमाणे लावतो, वरून उचलत जातो, पान भरले की थांबतो. तो बेकायदा काही करत नाही. फाइलीवरचे वजन इथे टेबलाखालून ठेवावे लागत नाही, उघड ठेवायचे असते, आणि तोच इथला नियम आहे. गंमत अशी की त्या पानाची जागा मोजण्याच्या मापालाही इंग्रजीत 'वजन' असेच नाव आहे.

इथे अपील नाही, साहेब नाही, कार्यालयच नाही. कोणता अर्ज घ्यायचा हे त्या पानापुरते तो मायनर ठरवतो. काही मायनर बाहेरून वेगळे पैसे घेऊनही एखादी नोंद पुढे ओढतात.

आमच्या भाट्याच्या खाडीच्या मुखाशी गाळ साचतो. पाणी उतरले की मच्छीमारांच्या बोटींना भरतीची वाट बघावी लागते. पण समुद्र कोणाकडून जादा पैसे घेऊन त्याला आधी आत सोडत नाही. उलट लहान होडीला कमी पाणी लागते म्हणून ती मोठ्या ट्रॉलरच्या आधी आत येते. मेमपूलच्या मुखाशी नेमके उलटे घडते. तिथे लहान होडी शेवटी.

लहान माणसाला महाग

हे आम्ही वाऱ्यावर बोलत नाही. हिशेब करून पाहू. सोईसाठी एका बिटकॉइनचा भाव ५० लाख रुपये धरू. खरा भाव रोज बदलतो, पण गणित तेच राहते. या भावाने एक सातोशी म्हणजे पाच पैसे.

साधा व्यवहार १४० एककांचा. दर एककाला १० सातोशी दिला तर फी १,४०० सातोशी, म्हणजे ७० रुपये. आता दोन माणसे घ्या. एकाने दोन हजार रुपयांचे नाणे पाठवले, दुसऱ्याने दोन कोटींचे. दोघांनाही फी ७० रुपयेच. पहिल्याला ती साडेतीन टक्के पडली. दुसऱ्याला ती दिसतसुद्धा नाही. गर्दीच्या दिवशी दर ३०० वर गेला तर फी होते २,१०० रुपये. दोन कोटीवाला ती हसत भरील. दोन हजारवाल्याची तर फीच मुद्दलापेक्षा मोठी झाली. त्याचे पैसे त्याच्याच नावावर आहेत, पण हलवता येत नाहीत.

मनीऑर्डरला जुन्या काळी वीस रुपयांमागे एक रुपया हशील पडे. ते स्वस्त नव्हते. पण शंभर पाठवणाऱ्याला पाच आणि हजार पाठवणाऱ्याला पन्नास, असा त्यात निदान प्रमाणाचा न्याय होता. इथे तो नाही.

अजून एक खाच आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते. समजा एखाद्याने दर आठवड्याला थोडे थोडे असे दहा वेळा नाणे आपल्या खात्यात घेतले. वहीत ते एकत्र मिसळत नाही, दहा वेगळे तुकडे म्हणूनच राहते. तो सगळे एकदम पाठवू गेला तर दहाही तुकड्यांचा हिशेब नोंदीत लिहावा लागतो. नोंद १४० एककांवरून साडेसातशेच्या घरात जाते. १० च्याच दराने फी ७० रुपयांऐवजी ३७५. बाजारात चिल्लर मोजत बसणाऱ्याला दुकानदार तोंडाने बोलतो, इथे त्याचे पैसे कापले जातात. आणि चिल्लर कोणाकडे असते? थोडेथोडे बाजूला टाकणाऱ्या गरिबाकडेच.

गर्दी कशी उसळते त्याचे दाखले ताजे आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये भाव भडकले, सगळे एकदम तुटून पडले, आणि एका व्यवहाराची सरासरी फी पन्नास डॉलरच्या वर गेली. २० एप्रिल २०२४ रोजी मायनरचे नवे नाणे निम्मे झाले, त्याच दिवशी वहीवर नव्या प्रकारची टोकने कोरण्याची झुंबड उडाली, आणि त्या दिवसाची सरासरी फी सव्वाशे डॉलरच्या पुढे गेली. आपल्या रुपयांत दहा हजारांच्या वर! रोजंदारीवर राबणाऱ्याची कित्येक दिवसांची कमाई एका नोंदीला.

फी लिहिताना झालेली चूक कशी अंगाशी येते, तेही ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या अमेरिकेतल्या कंपनीकडून सुमारे दोन हजार डॉलरचे नाणे पाठवताना फी म्हणून जवळजवळ वीस बिटकॉइन, म्हणजे पाच लाख डॉलर लिहिले गेले. एफटूपूल या मायनरांच्या गटाला ते पान मिळाले होते. त्यांनी पैसे परत केले. कंपनी मोठी, नाव मोठे, म्हणून बोलणे झाले. परत करा असे सांगणारा कोणताही नियम त्या वहीत नाही. आपल्या एखाद्या पोराने शून्य जास्त दाबले तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे?

'दहा मिनिटे' म्हणजे काय?

'दर दहा मिनिटांनी पान' हे वाक्य एसटीच्या वेळापत्रकासारखे घेऊ नये. ती सरासरी आहे. कधी दोन पाने एका मिनिटात येतात, कधी तास उलटतो. शंभरातल्या साधारण पाच वेळा दोन पानांमधली वाट अर्ध्या तासापेक्षा लांब असते. तेव्हा पुरेशी फी देऊनही 'पेंडिंग' दिसू शकते. त्यात कोणाची लबाडी नसते.

मायनरांची यंत्रे कमी झाली की पानेही रेंगाळतात. २०२१ च्या मे-जूनमध्ये चीनने हे काम बंद पाडले. जगातली फार मोठी यंत्रसामग्री एकदम थंडावली आणि पाने उशिरा येऊ लागली. या वहीला दर २,०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची अवघड पातळी आपोआप बदलण्याची सोय आहे. ३ जुलै २०२१ रोजी ती एकदम जवळपास २८ टक्क्यांनी खाली आली, तेव्हा गाडी रुळावर आली. दूरच्या देशातला सरकारी हुकूम आणि आपल्या फोनवरचे 'पेंडिंग' यांचा असा संबंध असतो.

नोंद पानावर चढली की पहिले कन्फर्मेशन मिळाले. तिच्यावर पुढची पाने चढत जातात तशी ती पक्की होत जाते. मोठ्या रकमेला सहा पानांची, म्हणजे साधारण तासाभराची वाट पाहण्याचा रिवाज आहे. माल देणाऱ्याने किंवा खोलीची किल्ली देणाऱ्याने नुसत्या 'पेंडिंग'वर विश्वास ठेवू नये, कारण पान लिहिले जाईपर्यंत पाठवणारा नोंद बदलू शकतो.

आणि कमी फीमुळे नोंद अडकलीच तर? पहिली गोष्ट, घाबरू नये. पानावर चढेपर्यंत नाणे वहीत पाठवणाऱ्याच्याच नावावर असते. बहुतेक पाकिटांत तीच नोंद जादा फीने पुन्हा पाठवण्याची सोय असते. घेणाऱ्यालाही एक मार्ग आहे. येऊ घातलेले नाणे त्याने चांगल्या फीने पुढे पाठवले, तर मायनर दोन्ही नोंदी जोडीने उचलतो. काहीच केले नाही तर नोंद बराच काळ पडून राहते. बहुतेक संगणक दोन आठवड्यांनी ती आपल्या यादीतून टाकून देतात, आणि नाणे पुन्हा वापरायला मोकळे होते. गर्दी ओसरेपर्यंत थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय. घाई नसेल त्याने घाईचा दर का द्यावा?

फीच्या नावाने लूट

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. फी आणि वाट पाहणे या दोन खऱ्या गोष्टींच्या आडोशाने चोरांनी आपला धंदा उभा केला आहे.

आमच्या माहितीतल्या एका भगिनीने फोनवर ओळख झालेल्या इसमाच्या सांगण्यावरून चाळीस हजार रुपये एका ॲपमध्ये भरले. घरकाम करून, भिशीतून उचलून जमवलेले पैसे. ॲपवर आकडा फुगत फुगत तीन लाखांवर गेला. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे काढायला गेल्या, तर निरोप आला, 'तुमचे पैसे ब्लॉकचेनवर अडकले आहेत. मायनर फी अठरा हजार भरा, तासाभरात कन्फर्म होईल.' फी यूपीआयने, एका खासगी माणसाच्या नावावर. बाई शहाण्या. भरण्याआधी विचारायला आल्या. आम्ही त्यांना एकच सांगायला लावले की व्यवहाराचा नंबर पाठवा. खऱ्या नोंदीला लांबलचक आकड्या-अक्षरांचा नंबर असतो आणि तो उघड्या वहीत कोणालाही शोधता येतो. समोरून आधी नुसते चित्र आले, मग शिवीगाळ आली, मग फोन बंद झाला. अठरा हजार वाचले. पहिले चाळीस हजार आजपर्यंत आलेले नाहीत. तक्रार नोंदवली आहे. मुलीचा प्रवेश नातेवाइकांनी हातउसने देऊन केला.

म्हणून हे पाठ करून ठेवावे. नेटवर्कची खरी फी पाठवताना त्या नाण्यातूनच कापली जाते. ती रुपयांत कोणी मागत नाही, यूपीआयने कोणी मागत नाही, आणि पैसे मोकळे करण्यासाठी आधी भरा असे तर कधीच म्हणत नाही. 'मायनरशी आमची ओळख आहे, पुढे सरकवून देतो' म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्याबाहेरच ठेवावे.

'अडकले' या शब्दाचे तीन अर्थ असतात. एक, नोंद खरोखर मेमपूलमध्ये आहे. मग नंबर मिळतो आणि वहीत दिसतो. दोन, पैसे ज्या बाजारात, म्हणजे एक्स्चेंजमध्ये ठेवले आहेत त्यानेच ते अडवले आहेत. मुंबईच्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, आणि ग्राहकांना आपली नाणी काढणे बंद झाले. त्यांनी कितीही फी दिली असती तरी उपयोग नव्हता. तिथे प्रश्न रांगेचा नव्हता, तिजोरीचा होता. तीन, पैसे कुठे गेलेलेच नाहीत, ते चोराच्या खिशात आहेत. या तिघांतले कोणते, हे नंबर मागितला की बहुधा कळते.

मायनरच्या नावाने झालेली महाराष्ट्रातली मोठी लूटही विसरू नये. २०१५ साली सुरू झालेल्या गेनबिटकॉइन योजनेत 'तुमच्या नाण्यावर मायनिंग करू, दरमहा दहा टक्के, अठरा महिने' असे आश्वासन होते. पुण्यातही गुन्हे नोंदले गेले. सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ साली अटक केली. तो जानेवारी २०२२ मध्ये वारला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर साठांहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. आता वरचा हिशेब आठवा. मायनरची मिळकत म्हणजे नवी नाणी आणि फी. नवी नाणी जुलै २०१६ मध्ये निम्मी होणार हे सर्वांना आधीपासून माहीत होते. फी तर रोज वरखाली होते. मग दरमहा ठरलेले दहा टक्के येणार कोठून? बीकॉमची पदवी नसली तरी वजाबाकी येणाऱ्याला हा प्रश्न पडायला हवा होता.

आपल्या घराचा हिशेब

ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे दिवसाला सरासरी चौतीस कोटी. बिटकॉइनच्या वहीत दिवसाला काही लाख नोंदी बसतात. यूपीआयने गावी पाचशे रुपये पाठवले तर पाठवणाऱ्याला फी पडत नाही आणि पैसे क्षणात पोचतात. तिथेही कधी व्यवहार अडकतो, पण बँक आहे, तक्रार आहे, लोकपाल आहे. मग घरखर्चाचे पैसे लिलावाच्या रांगेत उभे करण्यात शहाणपण कोणते?

कराचीही गाठ आहे. १ एप्रिल २०२२ पासून या नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस लागू झाला. नफा काढताना खरेदीची किंमत वजा होते, दुसरा खर्च वजा होत नाही. फी भरायची तुम्ही, आणि ती वजा धरायची नाही, असा हा जमाखर्च आहे.

बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात चलनाची चिकित्सा केली, ती रुपयाची खरेदीशक्ती टिकते की नाही हे केंद्रस्थानी ठेवून. चलनाची किंमत घसरली की मजुरी मागे पडते आणि भार कष्टकऱ्यावर येतो, हे त्यांनी ओळखले होते. नव्या चलनाकडे पाहतानाही आपण तोच प्रश्न विचारावा. ही वही हुशारीने रचलेली आहे, यात शंका नाही. पण तिच्या रांगेत भार कोणावर पडतो? वरच्या गणिताने उत्तर दिले आहे.

ज्यांना तरीही या वाटेने जायचे आहे त्यांनी चार गोष्टी पाळाव्या. पाठवण्याआधी त्या घटकेचा दर पाहावा. घाई नसेल तर गर्दी टळू द्यावी. बारीक बारीक तुकडे जमवत बसू नये. आणि एक्स्चेंज आपली वेगळी काढण्याची फी लावते, ती नेटवर्कच्या फीपेक्षा किती जास्त आहे हे आधी वाचावे.

ज्यांचे पैसे फीच्या नावाने गेले आहेत त्यांनी लाजेने गप्प बसू नये. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत बँकेतली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती फारच कमी होते. फोनवरचे निरोप पुसू नयेत, ज्या खात्यात पैसे भरले त्याचा तपशील कागदावर उतरवून ठेवावा. अर्ज लिहायला मदत लागली तर रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. येताना व्यवहाराचा नंबर आणावा. समोरच्याने तो दिलाच नसेल, तर तसेही सांगावे. अर्जात पहिली ओळ तीच लिहू.